ऑटिझम, वर्तनोपचार आणि घरची माणसं: पालक पुन्हा पुन्हा विचारतात ते प्रश्न

माझा मुलगा तीन वर्षांचा असताना त्याला ऑटिझम असल्याचं निदान झालं. आता तो सोळाचा आहे. मधल्या काळात निदानाचा कागद नुकताच हाती पडलेल्या कितीतरी आईवडिलांशी बोलणं झालं. प्रश्न थोड्याफार फरकाने तेच असतात, कारण त्या रात्री मीही तेच विचारत होते. मी डॉक्टर नाही, थेरपिस्टही नाही. जे वाचून-विचारून पडताळून घेतलं आणि जे घरात रोज केलं, ते इथे लिहिते आहे. तुमच्या मुलाला प्रत्यक्ष तपासणाऱ्या तज्ज्ञाचा शब्द याच्या वरचा धरा.

आमच्याकडून काही चुकलं का?

नाही. हा प्रश्न सहसा कोणी सुरुवातीला विचारत नाही. तासभर दुसरंच बोलतात आणि निघताना, चपला घालता घालता विचारतात. म्हणून तो सगळ्यात आधी घेतला.

ऑटिझम ही मेंदूच्या जडणघडणीतली भिन्नता आहे आणि तिची सुरुवात जन्माच्या आधीच होते. लिओ कॅनर या बालमानसोपचारतज्ज्ञांनी १९४३ मध्ये ऑटिझम असलेल्या ११ मुलांची निरीक्षणं मांडली. त्यानंतरची बरीच वर्षं ‘आई मायेने थंड असली की मूल असं होतं’ असा समज तज्ज्ञांमध्येही होता. किती बायकांनी तो आळ मुकाट सोसला असेल, या विचाराने मला आजही अस्वस्थ व्हायला होतं. बर्नार्ड रिमलँड हे मानसशास्त्रज्ञ स्वतः एका ऑटिस्टिक मुलाचे वडील होते. त्यांनी १९६४ मध्ये तो समज खोडून काढला. पुढे १९७७ मध्ये जुळ्या मुलांच्या अभ्यासातून आनुवंशिकतेचा मोठा वाटा दिसला आणि नंतरच्या संशोधनाने तो पक्का केला.

लसीचं म्हणाल, तर ती भीती १९९८ च्या एका शोधनिबंधाने पसरवली. त्यात फक्त १२ मुलं होती आणि २०१० मध्ये तो निबंध नियतकालिकाने मागे घेतला. डेन्मार्कमध्ये साडेसहा लाखांहून जास्त मुलांची माहिती तपासली गेली. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात गोवर-गालगुंड-रुबेला लसीचा ऑटिझमशी संबंध आढळला नाही.

मूल दोन वर्षांचं आहे. निदान पक्कं होईपर्यंत थांबावं का?

थांबू नका. नावाने हाक मारल्यावर वळत नाही, बोट दाखवून वस्तू मागत नाही, ‘ते बघ’ म्हणून स्वतःहून काही दाखवत नाही, बोलता येत असलेले दोन-चार शब्द गळून पडले, यातलं काहीही दिसत असेल तर बालरोगतज्ज्ञांना आत्ताच भेटा. अमेरिकेतली बालरोगतज्ज्ञांची संघटना १८ आणि २४ महिन्यांना प्रत्येक मुलाची ऑटिझमसाठी चाळणी करायला सांगते. १६ ते ३० महिन्यांच्या मुलांसाठी २० प्रश्नांची एक प्रश्नावली असते. तिच्यावरून निदान होत नाही, पुढची तपासणी हवी की नको एवढंच कळतं.

कानांची तपासणी मात्र नक्की करून घ्या, तीही आधी. ‘मुलगे उशिराच बोलतात’ हे वाक्य आमच्या घरातही फिरलं आणि त्यात आमचे आठ महिने गेले. मुलींच्या बाबतीत तर निदान आणखी उशिरा होतं. शांत, आपल्या नादात खेळणाऱ्या मुलीचं सगळे कौतुकच करतात.

वर्तनोपचार म्हणजे नेमकं काय करतात?

मुळाशी एक साधी गोष्ट आहे. कोणतंही वर्तन हवेतून येत नाही. त्याच्या आधी काहीतरी घडलेलं असतं आणि त्याच्यानंतर मुलाला काहीतरी मिळतं किंवा त्याचं काहीतरी टळतं. आधी काय, मग काय केलं, त्यानंतर काय झालं, या तीन रकान्यांवर सगळी इमारत उभी आहे. जे शिकवायचं त्याचे लहान लहान तुकडे करायचे, मदत द्यायची, ती हळूहळू काढून घ्यायची आणि जमलं की लगेच मुलाला आवडणारं काहीतरी द्यायचं.

जुन्या पद्धतीत मूल टेबलाशी बसायचं आणि एकच कृती वीस-वीसदा करायचं. गेल्या काही दशकांत हेच तत्त्व खेळात आणि रोजच्या कामांत आणणाऱ्या पद्धती पुढे आल्या. सॅली रॉजर्स आणि जेराल्डिन डॉसन यांचं ‘अर्ली स्टार्ट डेन्व्हर मॉडेल’ हे त्यातलं एक, अगदी लहान मुलांसाठीचं. तिथे मूल चेंडूकडे बघतं म्हणून चेंडू घेतला जातो. थेरपिस्टच्या वहीत आज ‘रंग ओळखणे’ लिहिलंय म्हणून त्याच्यापुढे रंग ठेवत नाहीत.

स्पीच थेरपी (बोलण्या-संवादासाठीची) आणि ऑक्युपेशनल थेरपी (रोजची कामं जमावीत यासाठीची) या वेगळ्या आहेत आणि बहुतेक मुलांना त्यांची जोड लागते.

आमचं मूल डोकं आपटतं, चावतं. काय करायचं?

सगळ्यात आधी दुखण्याचा विचार करा. दात, कान, बद्धकोष्ठ, पित्त, डोकेदुखी. ज्याला ‘दुखतंय’ म्हणता येत नाही ते मूल डोकं आपटूनच सांगणार. वर्तन अचानक सुरू झालं असेल किंवा अचानक वाढलं असेल, तर थेरपिस्टच्या आधी डॉक्टर.

दुखणं नसेल तर वही घ्या. तीन रकाने आखा. दोन आठवडे काहीही न बदलता फक्त लिहा. तारीख आणि वेळ टाका. ‘चिडला’ असं लिहू नका, जे डोळ्यांना दिसलं ते लिहा: ‘कपाळ टेबलावर तीन वेळा आपटलं’. वहीत साधारण चार कारणं सापडतात: कोणाचं तरी लक्ष हवंय, एखादी वस्तू हवीये, काहीतरी टाळायचंय, किंवा त्या कृतीतूनच शरीराला काहीतरी मिळतंय. एकाच कृतीची दोन कारणंही असू शकतात.

आमचा मुलगा चार वर्षांचा असताना लाकडी कोड्यांच्या वेळी डोकं आपटायचा. त्याला कोडी आवडत नाहीत असं आम्ही धरून चाललो होतो. वहीत वेगळंच निघालं. पहिली तीन कोडी तो मजेत लावायचा. आपटणं व्हायचं ते चौथं कोडं पुढे आलं की. आणि आपटलं की काय व्हायचं? आम्ही घाबरून सगळं आवरायचो. तो शहाणा होता. कामाला शेवट आहे की नाही हे त्याला कळत नव्हतं आणि ते संपवायचा एकच खात्रीचा मार्ग त्याला सापडला होता.

थेरपिस्टताईंनी एका ताटलीत चार निळे मणी ठेवले. एक कोडं झालं की एक मणी तो स्वतः उचलून डबीत टाकायचा. ताटली रिकामी झाली की काम संपलं, कोणीही ‘आणखी एकच’ म्हणायचं नाही. शिवाय बाजूला एक कार्ड ठेवलं, ‘पुरे’ असं. त्याच्यावर उघडा तळहात काढला होता. ते कार्ड त्याने हातात दिलं की दुसऱ्या मण्यालाही काम थांबवायचं. पहिल्या दिवशी त्याने ते कार्ड सात वेळा दिलं. सातही वेळा ताईंनी कोडं बाजूला केलं, मिनिटभर थांबल्या आणि मग पुन्हा पुढे ठेवलं. मला वाटलं, आता हा कधीच काम करणार नाही. तीन आठवड्यांत आपटणं जवळजवळ थांबलं आणि कार्ड दिवसातून एखाद्या वेळीच यायला लागलं. थांबता येतं म्हटल्यावर त्याला थांबायची घाईच उरली नाही.

आजही कोणी मला वर्तनोपचाराबद्दल विचारलं की मी ते ‘पुरे’चं कार्ड आठवते. मुलाला ‘नाही’ म्हणायला शिकवणारी आणि ते म्हटल्यावर ऐकणारी थेरपी मी चांगली मानते.

एक इशारा. लक्ष वेधण्यासाठी चाललेल्या वर्तनाकडे दुर्लक्ष करायला लागलं, की कमी होण्याआधी ते वाढतं. त्या वेळी हार मानून दिलंत, तर मूल शिकतं की इतकं जोरात करावं लागतं. पण स्वतःला इजा करणाऱ्या मुलाकडे ‘दुर्लक्ष’ हा उपाय घरच्या घरी करूच नका. त्याला तज्ज्ञ शेजारी हवा.

हट्ट आणि मेल्टडाउन, फरक कसा ओळखायचा?

हट्ट करणारं मूल मधूनच डोळ्याच्या कोपऱ्यातून तुमच्याकडे बघतं आणि हवं ते मिळालं की थांबतं. मेल्टडाउनमध्ये हवं ते दिलं तरी थांबत नाही. आवाज, प्रकाश, गर्दी, बदललेला बेत यांचा भार मज्जासंस्थेला पेलेनासा झालेला असतो. तिथे समजावणं, ओरडणं, बक्षिसाचं आमिष सगळं व्यर्थ. आवाज कमी करा, दिवे मालवा, बोलणं थांबवा, जवळ राहा, त्याला किंवा कोणाला लागणार नाही एवढं बघा. शिकवायचं ते दुसऱ्या दिवशी.

ए.बी.ए.बद्दल फार वाईट वाचलं. खरं आहे का?

त्यातलं बरंच खरं आहे. ए.बी.ए. म्हणजे उपयोजित वर्तन विश्लेषण, वर सांगितलेला वर्तनोपचार ज्यावर उभा आहे ते शास्त्र. इव्हार लोवास या मानसशास्त्रज्ञांचा १९८७ चा अभ्यास गाजला. आठवड्याला ४० तास उपचार घेतलेल्या १९ मुलांपैकी ४७ टक्के मुलं सर्वसामान्य वर्गात आणि सर्वसामान्य बुद्ध्यांकाला पोहोचली, असं त्यात म्हटलं होतं. पण मुलांची विभागणी चिठ्ठ्या टाकल्यासारखी निःपक्ष नव्हती, आणि त्या उपचारात जोरात ‘नाही’ ओरडणं आणि मांडीवर चापट मारणं हेही होतं. मूल ‘इतरांसारखं दिसावं’ हे तेव्हाचं ध्येय होतं. त्या काळात वाढलेल्या ऑटिस्टिक माणसांनी मोठेपणी सांगितलं की आम्ही स्वतःला लपवायला शिकलो आणि त्याची किंमत मोजली. ते ऐकायलाच हवं.

आज त्याच नावाखाली चांगलंही चालतं आणि वाईटही. म्हणून नावावर जाऊ नका, खोलीत जा. तुम्हाला सत्र बघू देतात का? मूल रडायला लागलं की काम थांबतं का? ध्येयं कोणाच्या सोयीची आहेत? ‘शांत बसणे’, ‘हात न हलवणे’ अशा ओळी यादीत असतील तर विचारा, याने माझ्या मुलाचं काय भलं होणार? शौचाला जायचं आहे हे सांगणं, रस्त्यावर हात धरणं, नको ते नाकारता येणं, एक मित्र असणं ही ध्येयं मला पटतात. ‘ऑटिझम पूर्ण बरा करू’ असं कोणी छातीठोकपणे सांगितलं तर तिथून उठा.

हात फडफडवणं बंद करायचं का? आणि डोळ्यांत बघायची सक्ती करायची का?

दोन्हीला नाही. हात फडफडवणं, डोलणं, गिरक्या यांनी मूल स्वतःला सावरतं किंवा आनंद दाखवतं. त्याने इजा होत असेल तरच पर्याय शोधा. डोळ्यांत बघणं काहींना अक्षरशः त्रासाचं असतं. तो खिडकीकडे बघत तुमचं सगळं ऐकत असतो.

आठवड्याला किती तास हवेत?

२५ ते ४० तासांचा आकडा ऐकून पालकांच्या पोटात गोळा येतो. २०२४ मध्ये १४४ अभ्यास एकत्र तपासणारं एक विश्लेषण प्रसिद्ध झालं. त्यात जास्त तास म्हणजे जास्त फायदा असं दिसलं नाही. दिवसभर थेरपी करून थकलेलं चार वर्षांचं मूल हेही शेवटी मूलच असतं, त्याला लोळायलाही वेळ हवा.

तासांपेक्षा घरातल्या माणसाचा हात मोलाचा. ब्रिटनमध्ये दोन ते चार वर्षांच्या १५२ मुलांवर एक अभ्यास झाला. त्यात थेरपिस्ट मुलाऐवजी पालकांसोबत काम करायचे. पालक मुलाशी खेळायचे, त्याचं चित्रीकरण व्हायचं आणि मग दोघं मिळून ते बघायचे: इथे त्याने तुमच्याकडे पाहिलं, इथे तुम्ही घाईने बोललात, इथे थांबला असतात तर? उपचार संपल्यावर जवळपास सहा वर्षांनीही त्या मुलांमध्ये फरक टिकलेला दिसला, असं २०१६ मध्ये प्रसिद्ध झालं. जागतिक आरोग्य संघटनेनेही पालकांना आणि सांभाळणाऱ्यांना शिकवणारा कार्यक्रम तयार केला आहे.

मी यातली एकच गोष्ट उचलली, थांबणं. काही विचारलं की मनात दहा मोजायचे. इतकी शांतता सुरुवातीला सहन होत नाही. पण सातव्या-आठव्या आकड्याला उत्तर येतं.

चित्रांची कार्डं किंवा टॅबलेट दिला तर मूल बोलायचं सोडेल ना?

नाही सोडत. या विषयावरच्या अभ्यासांत पर्यायी संवादाने बोलणं मागे पडल्याचं दिसलेलं नाही. काही मुलांचं बोलणं उलट थोडं वाढलं. चित्र देऊन वस्तू मागण्याची पेक्स ही पद्धत अँडी बाँडी आणि लोरी फ्रॉस्ट यांनी १९८५ मध्ये तयार केली.

आमचा मुलगा तोवर माझं मनगट धरून मला वस्तूपाशी न्यायचा, माझा हात जणू एखादं अवजार. साबणाच्या फुग्यांचं कार्ड आम्ही दोन महिने वापरलं, पण थेरपीच्या खोलीतच. एका संध्याकाळी मी पाठमोरी भांडी घासत होते. ओल्या हातात आणखी काहीतरी ओलं आलं. बघते तर तेच कार्ड, एक कोपरा चघळून पांढरा झालेला. ते दुसऱ्या खोलीतल्या कपाटावरून काढून तो मला शोधत आला होता. मनगट धरलं नाही. कार्ड दिलं आणि उभा राहिला. तसेच साबणाचे हात घेऊन आम्ही फुगे उडवले.

फक्त एक सांभाळा. मुलाचा हात दुसऱ्याने धरून अक्षरांवर टेकवायचा आणि ते मुलाचं लेखन म्हणायचं, हा प्रकार चाचण्यांत उघडा पडला आहे. शब्द हात धरणाऱ्याचे निघाले.

बोलेल का कधी?

चार वर्षांचं असताना भाषेत खूप मागे असलेल्या ५३५ मुलांची माहिती २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यातली सुमारे ७० टक्के पुढे शब्द जोडून बोलायला लागली आणि ४७ टक्के अस्खलित बोलायला लागली. म्हणजे ‘पाच वर्षांनंतर दार बंद’ हे खरं नाही. काही मुलं बोलत नाहीत हेही खरं आहे आणि त्यांच्याकडे सांगायला कमी असतं असं मुळीच नाही.

औषधं? आहार? दुसरे उपाय?

ऑटिझमच्या मूळ लक्षणांवर औषध नाही. तीव्र चिडचिड आणि आक्रमकता यांसाठी रिस्पेरिडोन आणि अॅरिपिप्राझोल ही औषधं अमेरिकेत मंजूर आहेत, २००६ आणि २००९ पासून. वजन वाढणं, सुस्ती असे त्यांचे परिणाम असतात, म्हणून ती नीट देखरेखीखालीच घ्यायची. झोप, फिट्स, चिंता यांवर वेगळे उपचार आहेत आणि ते जरूर करावेत. नीट झोप लागायला लागल्यावर निम्मं घर सावरतं.

शरीरातले धातू काढण्याचे उपचार आणि ब्लीचसारखी द्रावणं यांच्या वाटेला जाऊ नका. धातू काढण्याच्या उपचारात २००५ मध्ये एका मुलाचा जीव गेला आहे.

तो हात सोडवून पळतो. फार भीती वाटते.

ती भीती खरी माना आणि सोय करा. दाराला वर कडी, दार उघडलं की वाजणारी घंटा, अंगावर नाव आणि फोन क्रमांक. शेजाऱ्यांना फोटो दाखवून ठेवा. मूल हरवलं तर सगळ्यात आधी जवळचं पाणी बघा: तलाव, विहीर, टाकी. बऱ्याच ऑटिस्टिक मुलांना पाण्याची ओढ असते आणि अशा घटनांत बुडण्याचा धोका मोठा असतो. पोहायला शिकवणं हीसुद्धा थेरपीच समजा.

घरातल्यांना कसं सांगू? धाकटीकडे तर बघायलाच वेळ नाही.

आजी-आजोबांना व्याख्यान देऊ नका, काम द्या. ‘रोज संध्याकाळी त्याच्याबरोबर झोक्यावर बसा, आणि त्याने “आणखी”ची खूण केल्याशिवाय झोका द्यायचा नाही.’ आमच्या आजींना ऑटिझम हा शब्द कधी पटला नाही, पण झोक्याचा नेम त्यांनी एक दिवस चुकवला नाही.

भावंडांना त्यांच्या वयाला झेपेल इतकं खरं सांगा. तिला राग येतो, लाजही वाटते. ते बोलून दाखवलं म्हणून तिला वाईट ठरवू नका. आठवड्यातला एक तास फक्त तिचा ठेवा, आणि त्या तासात दादाचा विषय तिने काढला तरच.

नवरा-बायकोंमध्ये एक जण निदान लवकर स्वीकारतो आणि दुसरा मागे राहतो. त्यावरून भांडू नका. वही दोघांनी आळीपाळीने लिहा.

मी फार थकले आहे. हे बोलायचं कोणाला?

तुमच्यासारख्याच दुसऱ्या आईला. आणि झोप उडाली असेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर डॉक्टरांना, आजच. आठवड्यातून दोन तास तरी मूल दुसऱ्या कोणाच्या भरवशावर सोडायला शिका. आधी दहा मिनिटं, मग अर्धा तास, अगदी मुलाला शिकवतो तसंच.

थेरपी कधी थांबवायची?

ठरवलेली ध्येयं साधली की, महिनोन् महिने काहीच हलत नसेल तर, किंवा मूलच सांगेल तेव्हा. आमचा मुलगा अकरा वर्षांचा असताना एका गुरुवारी निघायच्या वेळी दारात उभा राहिला. ते जुनं कार्ड, उघड्या तळहाताचं, त्याने खणातून शोधून आणलं होतं. चार-पाच वर्षांत आम्ही ते वापरलं नव्हतं. आता त्याला तो शब्द बोलता येत होता, तरी त्याने कार्डच माझ्या पिशवीवर ठेवलं. पुढच्या गुरुवारीही तेच.

ताईंना फोन केला. त्या म्हणाल्या, ‘आपणच शिकवलंय त्याला. आता ऐकायला हवं.’ गुरुवारचं सत्र आम्ही बंद केलं. त्या वेळेत तो पोहायला जातो.